हिरव्या फियाटवरची रेघ

गोडोली, सातारा
१० नोव्हेंबर २०२५

ती. लालासाहेब मामा यांस,
सा. न.

काल जे घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. मी रविवारी सकाळी माधवनगर रस्त्यावरच्या तुमच्या शेडवर आले. येणार असल्याचे आधी कळवले होते.

२. मागे ट्रेलरवरून उतरवली तेव्हा गाडी जशी होती, तशीच कालही होती. फक्त डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डवर शेंदरी रंगाची वीतभर रेघ होती. ती वाळलेली होती.

३. पहिली रेघ मालकासमोर ओढायची ही पद्धत तुम्हीच मला सांगितली होती. ती रेघ माझ्यासमोर ओढलेली नाही.

४. कोणी ओढली असे विचारल्यावर ‘आमीच की, दुसरं कोन ओढनार?’ असे तुम्ही म्हणालात.

५. तुमच्या सूनबाई क्रांतीवहिनी माहेरी कवठ्याला गेल्याचे तुम्ही सांगितले. घरात दुसरे कोणी नाही, असेही सांगितले.

६. चहा आणायला तुम्ही आतल्या खोलीची कडी काढलीत. लगेच बाहेर आलात. चहा झालेला होता आणि गाळलेला होता. तुम्ही कडी पुन्हा लावलीत.

७. कप माझ्या हातात येईपर्यंत बशी वाजत होती. निम्मा चहा बशीत सांडला.

८. मी खोलीकडे वळले तेव्हा तुम्ही आडवे आलात.

यावर मी कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. आई म्हणते, तिच्या सख्ख्या मावसभावावर असा संशय घेऊ नये. मी तिला सांगितले, की मी संशय घेत नाही, नोंद करते.

आपल्यात ठरले आहे ते पुन्हा लिहिते, म्हणजे दोन्हीकडे एकच राहील. मूळ रंग बाटलीचा हिरवा. त्यावर पुढून मागे निमुळती होत जाणारी क्रीम रंगाची लांब पाने. माझ्या आराखड्यात त्यांना स्कॅलप म्हटले आहे. तुम्ही केवड्याची पाने म्हणता, आणि तो शब्द जास्त बरोबर आहे. बॉनेटवर तीन, दोन्ही बाजूंना चार-चार. प्रत्येक पानाच्या कडेने तीन मिलिमीटरची शेंदरी रेघ. हाताने. तुमच्या हाताने.

शेवटच्या दोन शब्दांसाठीच गाडी सांगलीला आणली. रंगारी साताऱ्यातही आहेत. गाडी बाबांची. तिच्या नंबरप्लेटवरचे आकडे आणि भोवतीची चौकट तुम्ही काढलेली. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, ‘हिला कधी नटवलीच, तर रेघ लालाच्या हाताची.’ हिरवा रंग मात्र मी मारला आहे. मी रंगलेपनाचे शिक्षण घेतले आहे, नोकरीही एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या रंगविभागात आहे, तरी हे काम करताना माझी झोप उडाली होती. रेघ चुकली तर ती ओली असेपर्यंतच पुसता येते. नंतर खरवडावी लागते, आणि तिच्याबरोबर खालचा हिरवाही जातो. म्हणून हात कोणाचा, हे मला आधी कळायला हवे.

आतल्या खोलीत कोण होते? उत्तर लेखी द्यावे. फोनवर तुम्ही विषय आईच्या गुडघ्यांवर नेता.

आपली,
प्रांजल

—

सांगली
१६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रांजलला अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. वाचताना वाटलं, तलाठ्यानं पंचनामा केलाय. नंबर घालून लिवलंयस पोरी, मामाला पार आरोपी क्रमांक एक करून टाकलंस. राणीआक्काला म्हनावं, लेक शिकवलीस का फौजदार केलीस?

आता तुजं एकेक घेतो. आतल्या खोलीत कुत्री व्यायलीय. अनोळखी मानूस दिसलं की अंगावर येती. म्हनून कडी. चहा आत झाला, कारन ग्यास आत हाय. मी तू यायच्या आधीच गाळून ठेवला हुता. बशी वाजली, कारन बशी बुडाला वाकडी हाय. तुजी मामी गेल्यापास्नं ह्या घरात नीट बशी ऱ्हायली न्हाई.

वीतभर रेघ म्हंजे टेस. रंग बसतोय का न्हाई ते बघितलं. आन् मालकासमोरची पद्धत ट्रॉलीची. कारला ती न्हाई लावायची, कारला दिष्ट लागती.

लष्करात आमी तोफगाड्यांवर आकडे टाकले गं. साहेब लोकं हुबी ऱ्हायची, पर कवा कुनी विचारलं न्हाई, लाला, खोलीत कोन हाय म्हनून. सीझन सुरू झालाय, उसाच्या ट्रॉल्या दारात रांग लावून हायत, तरी तुजी गाडी मी आत घेतलीय. ह्ये बी नोंदीत घाल.

आता कामाचं.

दाराच्या हँडलपाशी अडचण आहे. आराखड्यात दुसऱ्या पानाचे टोक बरोबर हँडलच्या खाचेत संपते. खाचेत टोक दिसणार नाही, पान मध्येच मोडल्यासारखे वाटेल. टोक दोन बोटे खाली घेऊन हँडलच्या अलीकडे संपवावे. तिसरे पान तेवढेच मागे वाढवावे, म्हणजे नजर तिकडे वाहत जाईल. शिवाय चारही टोके एका उभ्या रेषेत संपवू नयेत. तशी संपली की गाडी उभी असतानाच थांबल्यासारखी दिसते.

पटलं तर कळव. आक्काच्या गुडघ्याला एरंडेल चोळायला सांग, गरम करून.

तुजा मामा,
लालासाहेब

—

गोडोली, सातारा
२३ नोव्हेंबर २०२५

ती. मामा यांस,
सा. न.

पत्र मिळाले. आई एरंडेल लावते आहे.

हँडलची सूचना मी आराखड्यावर तपासली. मग दाराचा पुठ्ठ्याचा नमुना करून, भिंतीला टेकवून, लांबून पाहिली. बरोबर आहे. टोके एका रेषेत नकोत हेही बरोबर आहे. दोन्ही बदल केले आहेत, सुधारित आराखडा सोबत आहे. माझी चूक पत्र्यावर उमटण्याआधी कोणीतरी पाहिली, याचे समाधान आहे. पण हे कोणी पाहिले, ते विचारणे भाग आहे. त्या परिच्छेदात तुम्ही बोलत नाही. तुम्ही ‘हाय’ म्हणता, तो माणूस ‘आहे’ म्हणतो. तुम्ही मला पोरी म्हणता, तो मला काहीच म्हणत नाही.

दुसरे. आमच्या रंगविभागात भाऊसो म्हणून एक जण आहेत, तासगावकडचे. त्यांच्या भावाची ट्रॉली गेल्या सीझनला तुमच्याकडेच रंगवली. मी त्यांना सहज विचारले, पहिली रेघ समोर ओढली का? ते म्हणाले, ‘मॅडम, मामा ब्रश घेऊन हुबा ऱ्हायला. आमी फोटू काढला. मग म्हनला, जावा, जेवून या. आलो तर ट्रॉली नवरीगत नटलेली! मागं सही, लाला पेंटर, सांगली. त्या सहीशिवाय आमच्याकडं ट्रॉलीला ट्रॉली म्हनत न्हाईत.’

म्हणजे ट्रॉलीलाही रेघ समोर ओढली जात नाही. समोर फक्त ब्रश धरला जातो.

मला जे दिसते ते असे: तुम्ही काम घेता आणि दुसऱ्याच कोणाकडून करवून घेता. तो माणूस समोर येत नाही, म्हणजे तो कोणाला दिसू नये असे त्याला किंवा तुम्हाला वाटते. तसे असल्यास सांगावे. तुमचे वय झाले आहे, हात थकला असेल, त्यात गैर काही नाही. पण मी हा हिरवा रंग, ज्याचे नावही मला माहीत नाही अशा माणसाच्या हाती देणार नाही.

एसटी पार्सलने एक पत्रा पाठवत आहे. गाडीवर आहे तोच हिरवा, त्याच दिवशी मारलेला. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक मीटरभर, सरळ रेघ ओढून परत पाठवावी. शेंदरी, तीन मिलिमीटर. गाडीवर जो हात चालणार आहे, त्याच हाताची. आल्यावर मी मोजेन.

कुत्रीची पिल्ले कशी आहेत?

आपली,
प्रांजल

—

सांगली
३ डिसेंबर २०२५

चि. प्रांजल,

पत्रा पाठवतोय. मोज. दुर्बीन लाव, कोर्टात ने.

सोबत आक्काला हळद हाय, ह्याच वर्साची, आन् तुला बेदानं. बेदानं मोजू नको, खा.

परिच्छेदाचं म्हनशील तर, मी पन शिकलेला हाय. लष्करात सगळं लिवावं लागायचं. कवा तसं लिवतो, कवा असं. पिल्लं बरी हायत.

मामा

—

गोडोली, सातारा
९ डिसेंबर २०२५

ती. मामा यांस,
सा. न.

हळद आणि बेदाणे मिळाले. आईने दोन्ही देवापुढे ठेवले. मी पत्रा कारखान्यात नेला.

रेघेची रुंदी मधल्या सगळ्या भागात दहा ठिकाणी मोजली. कुठेही तीनला केसभरही सोडून नाही. रंगाची जाडी मोजली, तीही एकसारखी. भिंगाखाली रेघेची बाजू पाहिली, कुठे थरथर नाही. ब्रशच्या केसांचा एकही माग नाही.

मी रोज रंगवलेले पत्रे पाहते, यंत्राने आणि माणसाने रंगवलेले. माणसाचा हात एक मीटर लांबीत कुठेतरी श्वास घेतो. ही रेघ कुठेच श्वास घेत नाही. ही हाताची नाही. दोन बाजूंना टेप लावून मध्ये स्प्रे-गनने रंग मारला आहे आणि टेप काढून टाकली आहे. चांगले केले आहे. पण ते आपल्यात ठरलेले नाही.

टेप आणि गन माझ्याकडेही आहेत. तेवढ्यासाठी बाबांची गाडी मला सांगलीला न्यायची गरज नव्हती. कुत्री, बशी, दृष्ट, लष्करातले लिहिणे, हे सगळे मी एकवेळ सोडून दिले असते. नमुन्यात फसवणूक सोडता येत नाही.

२८ तारखेच्या रविवारी ट्रेलर घेऊन येते. गाडी आहे तशी परत द्यावी. मडगार्डवरची वीतभर रेघ मी इथे काढेन.

आपली,
प्रांजल

—

सांगली
१३ डिसेंबर

प्रांजल

गाडी ने.

टेप म्हनू नको. माज्या शेडात टेप न्हाई. कवाच नव्हती.

लाला

—

सांगली
१४ डिसेंबर २०२५

प्रांजलताई,

मी क्रांती, जयराजची बायको. तुम्ही मला आमच्या लग्नात पाहिलं असेल, मुंडावळ्यांच्या आडून जेवढं दिसलं असेल तेवढं. हे पत्र मामांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही त्यांना मामा म्हणता, मीही सासऱ्यांना मामाच म्हणते, तेव्हा घोळ नको म्हणून सांगितलं.

काल त्यांनी तुम्हाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. त्या चार ओळींना दुपार गेली. तुम्हाला अक्षर पाहून समजलं असेलच. आधीची सगळी पत्रं ते बोलत होते आणि मी लिहीत होते. ‘आता कामाचं’ म्हटलं की ते चहा प्यायला जायचे आणि पुढचं मी लिहायचे. तो परिच्छेद माझा. मी बारावी आहे, एवढं लिहिता येतं.

कुत्री नाही. पिल्लं नाहीत. त्या दिवशी आत मी होते. चहा मी केला. माझं माहेर कवठ्याचंच, पण मी दिवाळीनंतर तिकडं गेलेली नाही. दारावर तुमची सावली पडली तेव्हा मी हातातला ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि श्वास धरून बसले. तुम्ही लिहिता की हात श्वास घेतो. तो कधी घ्यायचा नसतो, हे मामांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. रेघ संपेपर्यंत श्वास नाही.

तुम्हाला वाटलं असेल, सासऱ्यानं सुनेला कोंडलं. तसं नाही. कडी मी लावायला सांगितली. आतून लावायला त्या दाराला कडीच नाही, म्हणून बाहेरून.

का ते सांगते. मामांचा हात थरथरायला लागून कामातून गेला, त्यानंतर वर्षभर मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. ते बोलायचे, मी ओढायचे. ‘करंगळी टेकव. बघायचं ते ब्रशकडं न्हाई, जिथं पोचायचं तिथं बघ.’ गेल्या सीझनच्या सुरुवातीला मी उघड्यावरच काम करत होते. एका ट्रॉलीच्या मालकानं मोबाइलवर रील केलं, ‘सांगलीची बाई पेंटर’. पुष्कळ लोकांनी बघितलं म्हणे. मीही बघितलं. त्यात माझ्या बांगड्या आहेत, पदर आहे, घामेजलेलं कपाळ आहे. रेघ कुठंच नाही. पुढच्या आठवड्यापासून माणसं ट्रॉली न आणता नुसतीच यायला लागली. एक जण म्हणाला, ‘वहिनी, परत एकदा ओढा की, नीट आली न्हाई.’ रेघ नीट आली होती. त्याचा व्हिडिओ नीट आला नव्हता.

त्या दिवशी मी मामांना म्हटलं, यापुढं ब्रश तुम्ही धरायचा, मी आत. जयराज लष्करात, सध्या जोधपूरला. त्यांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, तुला बरं वाटेल तसं कर. मामांना बरं वाटत नाही. ज्या माणसानं आयुष्यात दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव टाकलं नाही, तो माझ्यासाठी लोकांसमोर रंग न लावलेला ब्रश धरून उभा राहतो. सही मी त्यांच्या नावाची करते. ते दोनदा म्हणाले, तुजं घाल गं. मी घातलं नाही. माझं नाव आलं की परत मोबाइल येतील.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, ही त्यातलीच. शिकलेली आहे, सरळ मोबाइल काढणार नाही, पण बघायला मलाच आली आहे. तुमच्या प्रत्येक पत्रात ‘आत कोण आहे’ हेच होतं. म्हणून मी मामांकरवी खोटं लिहीत गेले. मग पत्रा आला. मला बरं वाटलं. म्हटलं, आता रेघ बघतील. तुम्ही पट्टी लावली, भिंग लावलं, यंत्र लावलं. रेघ आवडली का ते मात्र लिहिलं नाही. वर टेप म्हणालात.

आता मोजायचंच असेल तर मी सांगते तिथं मोजा. मधे काय मोजता? मधे सगळ्या रेघा सारख्याच असतात. पत्र्याच्या कडा बघा. ब्रश जिथं टेकतो तिथं रंग जाड पडतो, जिथं उचलतो तिथं तो विरत जातो. गनला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. मी डावरी आहे. माझी रेघ उजवीकडून सुरू होते. मामांची डावीकडून व्हायची. तुमच्या बाबांच्या जुन्या नंबरप्लेटवर मामांची चौकट असेल, तीही बघा.

गाडी न्यायची तर न्या. मी ती पुसून ठेवली आहे. हिरवा फार चांगला बसला आहे. मागच्या काचेखाली एका ठिकाणी संत्र्याच्या सालीसारखा झाला आहे, तुम्हाला माहीत असेल. मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

क्रांती

—

गोडोली, सातारा
२१ डिसेंबर २०२५

सौ. क्रांतीवहिनी यांस,
सा. न.

तुमचे पत्र मामांना माहीत नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवायचे की नाही, ते तुम्ही ठरवावे. काही ओळी त्यांच्यासाठी आहेत, त्या शेवटी वेगळ्या लिहिते.

आमच्याकडे नमुन्याचा पत्रा तपासताना चारही कडांचा बोटभर भाग मोजायचा नाही, असा नियम आहे. गनने मारलेला रंग कडेला नेहमी गोळा होतो. तो मोजला तर सगळा हिशेब बिघडतो. हा नियम मी इतकी वर्षे पाळते आहे, की तुमचा पत्रा हातात आल्यावरही कडा आपोआप सोडल्या. ज्या दोन जागी हात दिसतो, नेमक्या त्याच दोन जागा मी वगळल्या आणि मधला भाग पाहून हात नाही असे लिहिले.

काल कडा मोजल्या. उजवीकडे रंग जाड आहे. डावीकडे तो पातळ होत होत संपतो, आणि शेवटी भिंगाखाली चार-पाच केसांच्या खुणा सुट्या सुट्या दिसतात. नंबरप्लेट ट्रंकेतून काढली. मामांच्या चौकटीवर हेच उलट आहे. जाड डावीकडे, विरळ उजवीकडे. तुम्ही लिहिले ते सर्व बरोबर आहे. मी टेप म्हटले ते चूक होते. ते शब्द मी परत घेते.

मागच्या काचेखालची साल मला माहीत आहे. तिथे मी गन फार लांब धरली. ती अजून कोणाला दिसली नव्हती.

मी पूर्ण निर्धास्त झाले आहे असे लिहिणार नाही. माझा स्वभाव तसा नाही, आणि तुमचाही नसावा. महिनाभर मला कुत्रीच्या पिल्लांची खुशाली लिहून पाठवणाऱ्या व्यक्तीवर एका पत्राने विश्वास बसत नाही. पण आता माझा प्रश्न बदलला आहे. खोलीत कोण आहे, हे मला विचारायचे नव्हते. माझ्या रंगावर काय होणार, हे विचारायचे होते. दोन्ही एकच आहेत असे मी धरून चालले. रील करणाऱ्याने आणि मी एकच गोष्ट केली. त्याने मोबाइल धरला, मी भिंग धरले.

रेघ आवडली का, असे तुम्ही विचारले. आमच्या तपासणीत हा प्रश्न नसतो, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला. पत्रा कारखान्यात परत नेलेला नाही. माझ्या खोलीत, सकाळी ऊन येते त्या भिंतीवर टांगला आहे. आईने विचारले, हे काय? मी म्हटले, रेघ. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘लालाची वाटत न्हाई. लालाची जरा रागीट असायची.’

२८ तारखेला मी येते, ट्रेलरशिवाय. गाडी तिथेच राहू द्यावी. पाने आखताना डाव्या बाजूला आराखडा लावावा. उजव्या बाजूला तुमच्या नजरेने जाऊ द्यावे, तिथे माझे माप पाळायचे बंधन नाही. पहिली रेघ मालकासमोर ओढायची पद्धत मी सोडते. तुम्ही शेडमध्ये रेघ ओढाल तेव्हा मी आणि मामा शेडबाहेर बसू. मोबाइल मी येईन त्या गाडीत ठेवेन. रेघ वाळल्यावर बोलवा. मोजपट्टी आणणार आहे. ती खिशातून निघेल की नाही, ते आत्ता सांगता येत नाही.

या पत्राबरोबरच्या पार्सलमध्ये पितळी कडी आहे, स्क्रूसकट. ती दाराला आतून लावावी. बाहेरची काढून टाकावी. आत काम करणाऱ्याच्या दाराची कडी बाहेरच्याच्या हातात असणे मला पटत नाही, मग तो बाहेरचा मामा का असेना.

मामांसाठी: मामा, टेप म्हटले, माफ करा. बाबांनी तुमचा हात सांगितला होता. त्यांनी वहिनींची रेघ पाहिली नव्हती. पाहिली असती तर काय म्हणाले असते, ते मी त्यांच्या वतीने ठरवत नाही. पण हा हात तुम्ही घडवला आहे, आणि बाबांच्या शब्दात तेवढे बसते असे मला वाटते. बशी मी आणते आहे, सपाट बुडाची. पिल्लांपैकी एखादे द्यायचे असल्यास आई घ्यायला तयार आहे. तिला मी अजून काही सांगितलेले नाही.

वहिनी, आता एकच गोष्ट राहिली. मागे, नंबरप्लेटच्या खाली, सहीसाठी चार बोटे जागा मी आराखड्यात मोकळी ठेवली आहे. तिथे ‘लाला पेंटर’ यावे, तुमचे नाव यावे, दोन्ही यावीत की जागा मोकळी राहावी, यावर माझे काहीही म्हणणे नाही. ज्याची रेघ त्याने ठरवावे. ते २८ तारखेला सर्वांसमोर विचारणार नाही. मामांसमोरही विचारणार नाही. सही झाल्याशिवाय वरचा पारदर्शक थर मारता येत नाही, आणि एकदा तो मारला की खालचे नाव बदलता येत नाही. तो थर मी मारणार आहे, त्यामुळे मला आधी कळायला हवे.

कृपया आपले उत्तर सोमवार, ५ जानेवारीपर्यंत लेखी पाठवावे.

आपली,
प्रांजल